टाचणीकाकूंची वाया गेलेली अकरा मिनिटं

मंगळवारी दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला पक्की खबर होती की टाचणीकाकूंनी टाचणी गिळली. घशात आडवी गेली, आवाज बसला, आता डॉक्टर काढतायत की आतच राहू देतायत एवढंच ठरायचं बाकी. इस्त्रीवाल्याने तर टाचणीची लांबीसुद्धा बोटावर दाखवली. पुरावा प्रत्येकाच्या खिशात होता: काकूंना फोन लावला की त्या उचलत होत्या आणि पलीकडे चिडीचूप. ज्या बाईचं "हं, बोला!" रस्त्याच्या त्या टोकाला ऐकू जातं, ती फोनवर गप्प? गिळलीच.

साफ खोटं. तीस वर्षं ओठांत टाचण्या धरून कपडे शिवणारी बाई टाचणी गिळत नसते. काकू टाचण्यांसकट बोलतात, टाचण्यांसकट भांडतात, टाचण्यांसकट शिंकतात, आणि एकही जागची हलत नाही. आवाज ठणठणीत होता. मेला होता तो फोनचा माईक. आणि ही गोष्ट काकूंना कळली सगळ्यांच्या शेवटी.

झालं असं. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्या शाळेच्या शर्टाची कॉलर उलटवत होत्या. कापडाच्या ढिगाखाली फोन वाजला. स्क्रीनवर नाव होतं 'उचलू नये'. म्हणजे धाकटी बहीण. सहा वर्षांत या नावाने फोन एकदाही वाजला नव्हता. काकूंनी पायडलवरचा पाय काढला, ओठांतल्या टाचण्या एकेक करून उशीला टोचल्या (हे फक्त फार गंभीर प्रसंगी होतं) आणि उचलला.

"ताई, मी बोलतेय."

बस्स. बांध फुटला. सहा वर्षांपूर्वी, आई जाऊन आठ दिवसही झाले नव्हते, तेव्हा याच धाकटीने आईच्या कापड कापायच्या कातरीने खोक्यावरची चिकटपट्टी कापली होती. ज्या कातरीला आईने जन्मात कागद लावू दिला नाही, जिच्यावर दोघी पोरींची पोटं भरली, तिच्या पात्यांना चिकट थर. वर म्हणते कशी, "कातरच तर आहे ताई!" त्या दिवशी काकू एवढ्या भडकल्या की बोलणंच विसरल्या आणि दार दाखवलं. जे बोलायचं राहिलं ते सहा वर्षं आत शिजत होतं. ते त्यांनी मंगळवारी बाहेर काढलं. अकरा मिनिटं. खालून वर आमच्या मजल्यापर्यंत ऐकू आलं. मधेमधे धाकटी म्हणत होती, "हॅलो? ताई? आहेस ना?" काकूंना वाटलं, सोंग करतेय. आणखी आवाज चढवला. फोन कट झाला.

दोन मिनिटांनी मेसेज आला: "सहा वर्षांनी फोन केला, तू एक शब्द बोलली नाहीस. रविवारी पाच वाजता शेवटचा करेन. तेव्हाही गप्प राहिलीस तर संपलं."

काकूंनी मेसेज तीनदा वाचला. एक शब्द? एक?? तेवढ्यात पडदे शिवायला टाकलेल्या बाई धापा टाकत दुकानात घुसल्या, "अगंबाई काकू, काढली का हो टाचणी? फोनवर सकाळपासून आवाजच नाही तुमचा!" आणि मग उलगडा झाला. सहा वर्षांचा राग, एकदाच भरलेला घडा, नेमका सांडला तो गटारात. पडद्याच्या बाईंना त्या दिवशी जे ऐकावं लागलं त्यात त्यांचा दोष फक्त एवढाच की त्या समोर होत्या.

मग सुरू झाले सल्ले. पडद्याच्या बाई नाकातून: "बंद करून परत चालू करून बघितलात काऽऽ?" बँकेतले कारकून, पँट आखूड करायला आलेले, एकेक शब्द मोजत: "प्रथम. फोन. बंद करा. मग. चालू करा." इस्त्रीवाला तोंडातलं फवारायचं पाणी गालात सारत: "काकू, बंद करून चालू करा की!" काकूंनी बावीस वेळा बंद करून बावीस वेळा चालू केला. फोनचं कव्हर काढलं. सेटिंगमध्ये जाऊन माईकला परवानगी आहे का पाहिलं. होती. "माझ्या फोनला बोलायची परवानगी मी द्यायची आणि त्याने मान हलवून गप्प बसायचं!" आवाज रेकॉर्ड करून ऐकला तर पोत्यात कोंबलेलं मांजर. इस्त्रीवाल्याने इअरफोन दिले, त्यांची पिन घालायला या फोनला भोकच नाही. त्याच्याच फोनवरून धाकटीला लावला, तिने उचलला नाही. "अनोळखी नंबर उचलू नये, हे तिला कोणी शिकवलं? मीच!" शेवटी मेसेज टाकला, माझा फोन बिघडलाय. उत्तर आलं: "कारणं तुझ्याकडे कायम शिवून तयार असतात."

त्यावर काकूंनी अख्खा दिवस कोणाशी शब्द काढला नाही आणि गल्लीत परत चर्चा झाली, की गिळलीच असणार.

बुधवारी त्यांनी सुईत दोरा ओवायचं भिंग काढलं आणि फोनचा खालचा काठ तपासला. चार्जिंगच्या जागेशेजारी एक टाचणीच्या टोकाएवढं भोक. आत दोऱ्याचा भुसा, शाळेच्या शर्टांचा, निळसर. आता, शिवणयंत्र घ्या, कातर घ्या, दाराची कडी घ्या, अडलेल्या वस्तूवर काकूंचा इलाज एकच: मशीनच्या तेलाचा एक थेंब. त्यांनी थेंब सोडला. पाच मिनिटं थांबल्या. काही नाही. दुसरा सोडला. रेकॉर्डिंगमधलं मांजर आता विहिरीत पडल्यासारखं वाटू लागलं.

शनिवारी त्या फोन दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. तो पोरगेला, चष्मा कपाळावर, टेबल एवढंसं, त्यावर उघडे पडलेले फोन रांगेत. त्याने काकूंचा फोन उघडला, आत पाहिलं, नाकाजवळ नेला, आणि खांदे हलू लागले.

"काकू, आत वात वळून ठेवलीये! तेल कोणी घातलं?"

"मी. हसू नका."

"नाही, पण तेल? माईकला?"

"तीस वर्षं मशीनला घालते, कधी कुरकुरली नाही. आणि हसू नका म्हटलं ना! तुमच्या पँटची चेन भर लग्नात अडकली होती, दोन्ही हातांनी झाकून माझ्या दुकानात आला होतात. मी हसले होते?"

त्याचे खांदे थांबले.

"माईक बदलावा लागेल. जाळी, खालची पट्टी, सगळं. सोमवारी देतो."

"रविवारी. पाचच्या आत."

"मग तोवर सिम दुसऱ्या फोनमध्ये टाका ना, सोप्पं आहे."

"माझी मशीन बिघडली म्हणून मी शेजाऱ्याच्या मशीनवर शिवायला बसले नाही कधी. ज्या फोनवर मी गप्प बसले म्हणते ती, त्याच फोनवर तिला ऐकू गेलं पाहिजे." आणि स्टूल ओढून तिथंच बसल्या.

तो पुटपुटत कामाला लागला. स्पिरिटने धुतलं, ब्रशने घासलं, निळा चिखल निघाला. नव्या पट्टीला चिकटपट्टीचा तुकडा हवा होता. काकूंच्या पिशवीतून आईच्या कातरीची मूठ वर डोकावत होती. ती त्या कुठंही जाताना घेऊनच जातात. पोराने न बघता हात घातला, कातर ओढली आणि चिकटपट्टी पात्यांत धरली.

काकूंनी त्याचं मनगट असं पकडलं की चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"ठेव."

"अहो, कातरच—"

"पुढचा शब्द बोललास तर याच फोनने डोकं फोडीन. कापडाशिवाय या पात्यांना काही लागलेलं नाही पन्नास वर्षांत. एकदाच लागलं, आणि त्यासाठी मी सख्खी बहीण सोडली. तू कोण लागून गेलास?"

पोराने कातर खाली ठेवली. मग दुसऱ्या हाताने ड्रॉवर उघडला. आत मखमलीच्या तुकड्यात गुंडाळलेला एक बारीक चिमटा होता.

"माझ्या भावाने याने पायातला काटा काढला," तो खाली बघत म्हणाला. "टोक वाकलं. महिनाभर त्याच्या ताटाला ताट लावलं नाही मी."

"महिनाभरच?" काकू म्हणाल्या. "लाज वाटायला हवी."

पण मनगट सोडलं. त्याने चिकटपट्टी दाताने तोडली. रविवारी दुपारी दोनला फोन तयार झाला. रेकॉर्ड करून ऐकला. काकू स्वतःच्याच आवाजाने दचकल्या.

साडेचारला आम्ही त्यांच्या दुकानात गेलो, वरच्या मजल्यावरून मी आणि गल्लीतून पडद्याच्या बाई. काकू टाचण्या उशीला टोचून, फोन मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. मी पैज लावली: दोन मिनिटं. बहिणीचा आवाज ऐकला की दोन मिनिटांत विरघळाल, डोळे पुसाल. हरणाऱ्याने चाळीस शर्टांची बटणं लावायची. काकूंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसतं म्हणाल्या, "मंजूर."

पाचला फोन वाजला.

"ताई?"

"चिकटपट्टी!" काकू गरजल्या. "आईच्या कातरीने चिकटपट्टी कापतात?"

पलीकडे धाकटीचा आवाज फुटला. "बोललीस! अगं, बोललीस तू!"

"बोलले म्हणजे? ही सुरुवात आहे. मधे बोलू नकोस. तुझ्यामुळे अकरा मिनिटं वाया गेलीत माझी, आता सगळं पहिल्यापासून ऐकायचं." आणि ऐकवलं. पहिल्यापासून. चिकट थर खरवडायला लागलेले तीन दिवस, परत लावलेली धार, दारातून जाताना धाकटीने मागे वळून न बघणं. धाकटी रडत होती, मधेच हसत होती, मधेच तीही चवताळून म्हणाली, "दार तूच दाखवलंस, वळून कशाला बघू?" त्यावर काकूंनी आणखी दहा मिनिटं घेतली. सत्तेचाळीस मिनिटं. पडद्याच्या बाई डोळे पुसून पुसून थकल्या. काकूंचे डोळे कोरडे, नाकपुड्या फुगलेल्या, आवाज एक सूतही खाली नाही.

शेवटी धाकटी म्हणाली, "गुरुवारी येते. ओरडायचंय तेवढं समोर ओरड. कामाला हात लावीन, कातरीला नाही."

"ये," काकू तशाच तडकून म्हणाल्या. "काम नको करूस, नुसती बस. बटणं लावायला माणूस मिळालंय."

एकेका शर्टाला सात बटणं. खिशावरचं धरून आठ.