रेशनची सोय असलेली झोळी

जगातल्या एकाही वस्तूवर विश्वास न ठेवता सुखानं जगलेला माणूस कुणाला बघायचा असेल, तर त्यानं आमच्या घरी यावं आणि माझ्या सासऱ्यांना भेटावं. फक्त आल्या आल्या खुर्चीवर बसू नये, आधी ते ती हलवून बघतील. वाळूजच्या एका कारखान्यात आख्खी नोकरी त्यांनी तयार माल तपासण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर उरलेलं जग तपासायला घेतलं. बादली घ्यायची तर दुकानातच ती पालथी घालून तिच्यावर बसणार. छत्री घेतली की पावसाची वाट कोण बघतो, थेट न्हाणीघरात नळाखाली उघडून उभे! मला बघायला आले तेव्हाही त्यांनी आमच्या खुर्चीचे दोन्ही हात दाबले, पाय हलवले, ऐसपैस बसले आणि म्हणाले, "पसंत हाय आपल्याला." माझ्या आईनं आनंदानं भावाला पेढे आणायला पिटाळलं. ते खुर्चीबद्दल बोलत होते असा माझा आजही संशय आहे, पण आता विचारून काय उपयोग!

असा हा माणूस एका बाबतीत भलताच लाजाळू. बाळाला पाजणं हा शब्द त्यांच्या तोंडून निघायचाच नाही. आमची मुलगी जन्मली तेव्हा त्यांनी त्याला स्वतःचं एक नाव देऊन टाकलं, रेशन. "सूनबाई, लेकराच्या रेशनचा टाइम झाला वाटतं," असं भिंतीकडे बघत म्हणायचे आणि चपला घालून कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत चालत जायचे. पोरगी खादाड, त्यामुळं यांच्या इतक्या फेऱ्या व्हायच्या की काकांना उतारवयात तंबाखूचा नाद लागला असं टपरीवाल्यानं माझ्या नवऱ्याला हळूच सांगितलं.

आता माझं दुखणं सांगते. औरंगपुऱ्याच्या बाजूला माझं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस. बाळंतपणात ते बंद होतं. पोरगी अंगावरच पिणारी, बाटली दाखवली की तोंड फिरवायची, आणि खाली ठेवली की गल्ली गोळा करायची. कापड मोजायला आणि फाडायला दोन हात लागतात, आणि माझे दोन्ही हात तिच्याखाली अडकलेले. तेवढ्यात गाळामालकाचा निरोप आला. दिवाळीपर्यंत दुकान उघडा, नाहीतर लग्नसराईच्या आधी मी गाळा दुसऱ्याला देणार. सासूबाई म्हणाल्या, "दे सोडून. दुकान काय, पुन्हा काढता येईल." त्या वाईट बोलल्या नाहीत, पण ते दुकान मी एकेक ठाण जमवून उभं केलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले. मोबाइलवर मी बायकांना बाळ अंगाला बांधून फिरताना पाहिलं होतं, त्यालाच स्लिंग म्हणतात, तसलं काहीतरी मिळालं तर बरं होईल, एवढंच नाक ओढत नवऱ्याला म्हणाले. नवरा शिफ्टला निघून गेला. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मात्र दाराआडून सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते औषधाच्या दुकानात हजर. तिथं काय झालं ते त्यांनी स्वतःच आम्हाला रंगवून सांगितलं.

"स्लिंग द्या."

"डाव्या बाजूचं पायजे का उजव्या?"

बाबा विचारात पडले. रेशन दोन्हीकडून चालतं, एवढी माहिती त्यांनाही होती. "दोन्हीकडून चाललं पायजे," ते ठणकावून म्हणाले.

"अरे बापरे! कधी मोडलं?"

"मोडलं नाय हो, तीन महिन्यांची हाय!"

एवढं होऊनसुद्धा ते मोडका हात गळ्यात अडकवायची पट्टी घेऊनच घरी आले. मी हसत सुटले, सासूबाईंनी कपाळावर हात मारला, आणि बाबा म्हणाले, "हसू नका. कापड चांगलं हाय. माप चुकलं फक्त."

मग त्यांनी रीतसर चाचणी सुरू केली. जुन्या उशीच्या अभ्र्यात नातीच्या वजनाइतकी जवारी भरली, वर डोकं म्हणून नारळ बांधला, आणि त्याला ते "नमुना" म्हणू लागले. नमुना पिशवीत घालून बाजार पालथा घालायचा, दुकानात दिसेल ती झोळी गळ्यात अडकवायची, नमुना आत बसवायचा आणि गुलमंडीपर्यंत चालून यायचं. दुकानदार घाबरून पोऱ्याला मागे धाडायचे, म्हातारा माल घेऊन पळाला तर! एकदा एका रिक्षावाल्यानं कळवळून रिक्षा थांबवली. "चचा, बच्चे के मूँ पे कपडा डालो, कितनी धूप है!" बाबांनी शांतपणे उत्तर दिलं, "बच्चा नहीं है, नारियल है." रिक्षावाला पुढच्या चौकापर्यंत मागे वळून बघत गेला म्हणे.

पण नमुन्याला रेशन लागत नव्हतं, आणि खरी अडचण तिथंच होती. एका मोठ्या दुकानात बाबांनी धीर करून विचारलं, "चालता चालता रेशन मिळायची सोय हाय का यात?"

"काका, रेशन दुकान मागच्या गल्लीत आहे."

"तसलं नाय हो! लेकराचं रेशन. घरचं. ताजं." एवढं बोलताना त्यांना घाम फुटला. दुकानदाराला काय कळायचं ते कळलं आणि त्यानं बाटलीचा खिसा असलेली एक जाडजूड बॅग त्यांच्या गळ्यात मारली. बाबा घरी आले ते जिना चढतानाच ओरडत. "मिळालं! सूनबाई, मिळालं! रेशनची सोय बाहेरच्या बाजूला हाय!" त्या बॅगेत पोरगी बसली खरी, पण ती माझ्यापासून वीतभर लांब, पाय लोंबकळलेले, आणि पट्टे माझ्या खांद्यात रुतलेले. पाजायचं तर सगळं सोडून पुन्हा बांधायला सासूबाई हव्यात. दोघी घामाघूम झालो.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, बाबा, मी कापडाच्या धंद्यात आहे आणि आपण कापड शोधत गावभर हिंडतोय! शिवलेली पिशवी नकोच. सैल-घट्ट करता येईल असं लांब कापड हवं. घरात माझ्या दुकानाची ठाणं पडूनच होती. अस्तर पातळ, खण टोचरा, शेवटी हातमागाचं जाड, मऊ सुती काढलं. बाबांचे डोळे चमकले. ते तडक वाळूजला जुन्या सहकाऱ्याकडे गेले आणि बिनजोडाच्या गुळगुळीत कड्यांची जोडी घेऊन आले. कापडाचं एक टोक त्यांत शिवून टाकायचं, दुसरं ओवून ओढायचं. शिवणीवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणे तीन ओळी पुरे, ते म्हणत पाच. पाच घातल्या. मग ती झोळी झोपाळ्याच्या कडीला टांगून हा माणूस स्वतः तिच्यात बसला, पाय वर घेऊन! सासूबाई देवाचं नाव घ्यायला लागल्या. झोळी टिकली. "पास!" बाबा आतूनच ओरडले.

आणि दिवाळीच्या तोंडावर दुकान उघडलं. केवढी गर्दी त्या दिवशी! पिस्ता रंगाच्या अस्तराचा एक बाई भाव करत होती आणि नेमकी पोरगी चुळबुळायला लागली. मी कडी ढिली केली, तिला जरा खाली घेतलं, वरून पदर ओढला, आणि मीटरपट्टीवर कापड मोजत राहिले. दोन्ही हातांनी! बाई म्हणाली, "बाळ झोपलंय वाटतं?" मी म्हणाले, "नाही हो, जेवतंय." आनंदानं मला तिथंच नाचावंसं वाटत होतं. बाबा बाहेर पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून बसले होते. तिथूनच त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "नाक मोकळं हाय का?" दुकानातल्या सगळ्या बायकांनी आपापल्या नाकाला हात लावला.

दुकान वाचलं, चाललं, आणि चालतंय. पोरगी आता फॉलचे गठ्ठे उपसत दुकानभर पळते. उचलायला गेलं की "सोड" म्हणते. परवा एका गिऱ्हाइकाच्या बाळंतीण लेकीसाठी आम्ही झोळी देऊन टाकली. बाबांनी त्या मुलीला कडी कशी ओढायची ते कडक शब्दांत समजावलं, आणि ती गेल्यावर माझ्याकडे वळले.

"सूनबाई, आपण हिला शेवटचं कधी बांधलं होतं गं?"

मी खूप आठवलं. पहिल्या दिवसाचं सगळं लक्षात आहे, पण शेवटचा दिवस काही केल्या आठवेना. कधीतरी सकाळी ती पायांनी चालत दुकानात आली असेल आणि झोळी घरीच राहिली असेल.

"मलाबी नाय ध्यानात," ते म्हणाले. "आज शेवटचं म्हून कुणी सांगितलं असतं, तर सांज होस्तोर तिला खाली उतरूच दिलं नसतं."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मी उठून ठाण उलगडलं आणि कापड मोजायला लागले. माझे दोन्ही हात अगदी मोकळे होते.