साहेबांची धुरी

माझ्या चुलत सासऱ्यांइतक्या, म्हणजे आमच्या मामांइतक्या मायेनं बिडी ओढणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात नसेल. कारण ते स्वतःसाठी ओढतच नव्हते, कासवासाठी ओढायचे. नागापूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर केडगावच्या घरात ते एकटेच. पुतण्या नोकरीला पुण्याला गेला आणि त्याचं काचेच्या टाकीतलं पाणकासव यांच्या गळ्यात पडलं. त्यांनी त्याचं नाव ठेवलं साहेब. "आमचा शिफ्टचा सायेब आसाच हुता. मान लांब करून बगायचा, काम काय न्हाई." साहेबांसमोर ते बनियनवर कधी बसले नाहीत, सदरा घालून, वरचं बटण लावूनच खुर्चीत बसायचे. साहेबांना गार वारं लागू नये म्हणून खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. आणि दिवेलागणीला धुरी. गोठ्यात जनावरांना धूर करतात, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालून ओव्याची धुरी देतात, तशी ही बिडीची. टाकीवर ओणवं होऊन सावकाश धूर सोडायचे. एक विझली की दुसरी. "किडं मरत्यात, पावणं. आन आंगबी गरम ऱ्हातं."

माझी बायको त्या खोलीत पाऊल टाकायची नाही. टाकीवरचा एक बल्ब सोडला तर उजेड नाही, त्याच्याखाली धूर साचून हलत असायचा, आणि धुरापलीकडे मामांचं तोंड अर्धंच दिसायचं. ते खोकायचे, लांबलचक. मग सगळं गप्प. आणि मग टाकीतून बारीक शिट्टी यायची, फरशीखाली कुणी झोपलंय असं वाटावं इतकी बारीक. "बगा, जबाब देतो," मामा खूश व्हायचे. "मी खोकून बेजार, पर ह्यो एकदाबी खोकला न्हाई. छाती लई दणकट."

एकदा दुपारी गेलो तर दाराला कुलूप. मामा बिड्या आणायला गेलेले. मी ओट्यावर टेकलो. बंद खोलीतून शिट्टी आली. पुन्हा आली. आत खोकणारं कुणी नव्हतं, ती कशाचा जबाब देत होती कोण जाणे. मामा आल्यावर दार उघडलं. साहेब एका अंगावर कलंडून तरंगत होते, तोंड उघडं, नाकपुडीवर बुडबुडा. "हसाय लागलाय," मामा म्हणाले आणि बिडी पेटवायला काडी काढली.

आमच्या घराण्यात पदवी मिळवलेला मी पहिला, आणि तीही प्राणिशास्त्राची. त्यामुळे नात्यात म्हैस व्याली तरी फोन मला येतो. खरं सांगायचं तर कासव मी पाहिलेलं ते बरणीतलं. पण एवढं पक्कं आठवत होतं.

"मामा, कासवाला आपल्यासारखं खोकता येत नाही. छातीत साचलेलं त्याला बाहेर टाकता येत नाही. ती शिट्टी म्हणजे दम लागलाय त्याला. धुराचा."

काडी बोटापर्यंत जळत गेली.

"म्हंजी मी रोज..."

नगरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, घरात धूर नको म्हणून बजावलं. मामांनी चिंध्या उपटल्या, भिंती साबणानं धुतल्या, बिड्यांचा पुडा बंबात घातला. अंगाला वास नको म्हणून साहेबांना खाऊ घालण्याआधी अंघोळ करायचे. तरी एका सकाळी आत ओढलेली मान साहेबांनी बाहेर काढली नाही. मामांनी परसात तगरीखाली खड्डा केला. मला हात लावू दिला नाही.

परवा गेलो होतो. खिडक्या उघड्या, रिकामी टाकी लख्ख घासलेली, आणि वर बल्ब पेटलेला. मामा समोर बसलेले. आणि शिट्टी आली, तीच, बारीक. मी आधी टाकीकडेच वाकलो. मग मामांकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते, आणि दर श्वासाला छातीवरचा सदरा हलत होता आणि शिट्टी येत होती.

"आली न्हवं ऐकू?" ते हळूच म्हणाले.

"मामा, उद्या दवाखान्यात चला."

"नगं." ते टाकीकडेच बघत होते. "तितं गेलं की हीबी बंद करत्याल."

मग त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण चाचपून नीट लावलं आणि खुर्चीत सरळ होऊन बसले.