पाहिजे तेव्हा काढता येणारा डबा

अकोल्याच्या एमआयडीसीत आमचं एक शेड होतं. तिथून माल कमी निघायचा आणि किस्से जास्त. मालाला निदान ऑर्डर लागते, किस्से बिनऑर्डरचे साठत जातात. जुनी माणसं भेटली की चहा येईपर्यंत दोन-तीन निघतातच.

आम्ही फिल्टरचे डबे बनवायचो. पाण्याचे नव्हे, विजेचे. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये तेव्हा मोटारींना नवे ड्राइव्ह बसू लागले होते, म्हणजे मोटारीचा वेग कमीजास्त करणारं यंत्र. ते चालू झालं की वायरीत असा काही कचरा सोडायचं, की शेजारच्या टीव्हीवर मुंग्या यायच्या आणि इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर आकडे नाचायचे. तो कचरा अडवतो तो फिल्टर, आणि फिल्टर ज्यात बसतो तो आमचा पत्र्याचा डबा.

आमचे मालक वानखडे साहेब. त्यांचा डबा मॉड्युलर होता. मोटर मोठी असेल तर आणखी एक खण जोडा, लहान असेल तर काढा, चार स्क्रूचं काम. या गोष्टीचा त्यांना इतका अभिमान, की लग्नपत्रिका द्यायला आलेल्या माणसालाही ते ऐकवायचे, "पायजे तवा लावा, पायजे तवा काढा." डिझाइन माझं, टेस्टिंग गवईचं, आणि पत्र्याचं काम परतवाड्याच्या रफीकभाईंचं.

ती वर्षं वाईट होती. वऱ्हाडात जोरात पीक यायचं ते फक्त समित्यांचं. पांढऱ्या गाड्या यायच्या, त्यातले साहेब लोक बांधावर उभे राहून फोटो काढायचे आणि पाहणी झाली म्हणून जायचे. कापसाचे हाल म्हणून जिनिंगचे हाल, आणि जिनिंगचे हाल म्हणून आमचे. वानखडे साहेबांनी सांगून टाकलं होतं, तेल्हाऱ्याच्या जिनिंगवाल्या शेठची ऑर्डर आली तर शेड चालेल, नाहीतर दिवाळीनंतर कुलूप. त्यामुळे आमची सगळी मस्करी त्या कुलपाच्या सावलीत चालायची.

*

रफीकभाईंच्या शर्टाच्या खिशात कायम स्क्रू पिळायचा पेचकस. मुलीच्या लग्नातसुद्धा होता, नव्या कुर्त्याच्या खिशात. आम्ही म्हटलं, आज तरी घरी ठेवायचा. तर ऐन निकाहाच्या वेळी मांडवातला पंखा बंद पडला. वधूपिता स्टुलावर! काजीसाहेब थांबले, पाहुणे थांबले. रफीकभाई वरूनच म्हणाले, "तुमी चालू ठेवा, मी ऐकून राह्यलो."

*

डबा आधुनिक करायला साहेबांनी पुण्याहून एक कन्सल्टंट आणला. त्याने एसीत बसून डबा चहूबाजूंनी बंद केला. धूळ आत जाता कामा नये म्हणे. अकोल्याचा मे महिना त्याच्या हिशेबातच नव्हता. भरदुपारी डब्याला हात लावायची सोय राहिली नाही. गवईने निमूटपणे आपला जेवणाचा डबा त्यावर ठेवायला सुरुवात केली. काही दिवसांनी पुण्याहून फोन, परफॉर्मन्स कसा आहे?

गवई म्हणाला, "फिल्टरचं सांगता येत नाही सर, पण वांग्याची भाजी एक नंबर गरम होते."

त्यानंतर डब्याला जाळी पडली.

*

टेस्टिंगची लॅब तिकडे लांब, आणि साहेबांना ती परवडणारी नव्हती. मग गवईने घरचा रेडिओ आणला. ड्राइव्ह चालू करायचा, शेजारी रेडिओ लावायचा. खरखर आली तर डबा नापास, बोलणं स्वच्छ ऐकू आलं तर पास.

एकदा संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला होता. खरखर नावालाही नाही. निवेदक सांगत होता, विदर्भात कापसाची परिस्थिती समाधानकारक आहे. साहेब खूश. "पास," म्हणाले.

गवई रेडिओकडे पाहत राहिला. "नापास करा साहेब. खोटं अजून आरपार येऊन राह्यलं."

आम्ही हसलो. गवईचं घर कापसावरच चालायचं, तो हसला नाही. आमचंही हसू मग लवकर आटोपलं.

*

दसऱ्याला शेडमधली सगळी मशिनं धुऊन रंगवायची आणि हार घालून पूजा करायची ही आमची रीत. त्या वर्षी साहेबांना भलताच उत्साह. तेल्हाऱ्याला जायचा डबाही रंगवा म्हणाले. रंगवला. खणांच्या सांध्यांतसुद्धा दोन-दोन हात मारले.

आता या डब्याची अट एकच होती. खण जिथे जोडतात तिथे पत्र्याला पत्रा भिडला पाहिजे. मधे रंग आला की कचरा तिथूनच बाहेर. रेडिओ लावला, तर नुसती खरखर.

"रंग खरवडा लागीन," गवई म्हणाला.

"खरवडला तं शेठ म्हणीन, सेकंडहँड माल आणला," साहेब म्हणाले.

तोवर रफीकभाई पेचकस काढून खरवडायला बसलेसुद्धा. "देवानं पाह्यला ना रंग? मंग झालं. शेठले बाहेरूनच दाखवू."

*

आणि मग तेल्हारा.

शेठची तक्रार मुळात काट्याबद्दल नव्हतीच. ड्राइव्ह चालू झाला की ऑफिसातल्या टीव्हीवर क्रिकेट दिसायचं नाही, हे त्यांचं दुःख. आम्ही डबा बसवला, मोटर चालू केली. टीव्हीवर एक मुंगी नाही. बॉलसुद्धा दिसायला लागला. शेठ म्हणाले, "वानखडे, माह्या सगळ्या जिनिंगले तुमचेच डब्बे." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. कुलूप टळलं होतं.

तेवढ्यात मुनीम आला आणि शेठना काट्यापाशी घेऊन गेला. आम्हीही मागोमाग गेलो. काट्यावर एका बाईची कापसाची गाडी उभी होती. डबा बसेपर्यंत नाचत नाचत कमी वजनावर थांबणारा आकडा आता वर जाऊन गप्प उभा होता.

बाई म्हणाली, "आता बराबर दाखवून राह्यला. घरी मोजूनच आणला होता म्या."

मागच्या गाड्यांवरची माणसं खाली उतरून काट्याजवळ आली. शेठनी एकदा आकड्याकडे पाहिलं, एकदा त्या माणसांकडे. मग साहेबांकडे वळले.

"वानखडे, हे मॉड्युलर म्हणता ना तुमी? पायजे तवा काढता येते?"

 जन्मभर सांगितलेलं वाक्य साहेबांच्या तोंडातून निघेना. त्यांनी रफीकभाईंकडे पाहिलं.

"येते ना शेठ," रफीकभाई म्हणाले. "चार स्क्रूचं काम. पण पेचकस शेडवरच राह्यला."

खिशातून पेचकसाची पिवळी मूठ बाहेर डोकावत होती. शेठना दिसत होती, मुनिमाला दिसत होती, गाडीवरच्या बाईलाही दिसत होती. साहेबांनी ती नीट पाहून घेतली.

"कितीदा सांगतलं रफीकभाई," साहेब म्हणाले, "हत्यार सोबत ठेवत जा म्हणून."