आक्काची बाहुली

आक्काचे दीर जीप घेऊन संगमनेरला आमच्या दारात उभे राहिले, तेव्हाच मला कळलं. सकाळी गोठ्यात धार काढताना आक्का कोसळली ती उठलीच नाही. तशीच जीपमध्ये बसून मी तिच्या सासरी, देवळालीला निघाले. आई लवकर गेल्यावर याच बहिणीनं मला न्हाऊमाखू घातलं होतं... आज महिना उलटला तरी तिच्याविषयी 'होती' असं लिहिताना हात अडतो.

आक्काचं पहिलं बाळंतपण माहेरीच झालं. मुलगी झाली आणि बारशाआधीच गेली. आमच्या माहेरी रीत अशी की असं लेकरू गेलं तर आईच्या बेंबीखाली बाहुली गोंदायची. दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं वर सोबत येतं. त्यावरून लेकरू आईला ओळखतं. आक्कालाही ती गोंदली. पुढं आक्काला तीन मुलगे झाले. त्या मुलीचं नाव कुणी काढत नसे. घेणार तरी कसं, नावच ठेवलं नव्हतं.

चार बाळंतपणांनी आक्काचं पोट पार ओघळलं. लुगड्याच्या निऱ्या ठरत नसत, उन्हाळ्यात घडीखाली कातडं सोलून निघे. त्यात थोरल्याचं लग्न ठरलं आणि विहिरीवरच्या बायका विचारू लागल्या, "कितवा गं?" आक्का हसून साजरं करी आणि घरी येऊन रडे. शेवटी मीच तिला ओढत नगरच्या दवाखान्यात नेलं. तिथं मुंबईचे एक सर्जन अधूनमधून येत. त्यांनी पोट तपासलं आणि सांगितलं, "बेंबीखालचं हे सगळं कातडं कापून टाकायचं आणि वरचं खाली ओढून शिवायचं. हे गोंदण मात्र जाईल."

आक्का पांढरीफटक पडली. तिनं एवढंच विचारलं, "वरचं खाली येतंय म्हंता?"

"येतं की."

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी पाहिलं तर बेंबीच्या बरंच वर ताजी, खपली धरलेली दुसरी बाहुली! कोल्हारच्या बाजारात गोंदणाऱ्या बाईपुढं ही परस्पर जाऊन बसली होती. डॉक्टर भडकले. आक्का शांतपणे म्हणाली, "तुमीच म्हनला न्हवं, वरचं खाली येतंय? मंग माजी पोर बी येईल." त्यांनी कपाळाला हात लावला आणि जखम पुरी भरेपर्यंत ऑपरेशन पुढं ढकललं.

ऑपरेशन झालं आणि बाहुली खाली आली, अगदी जुनीच्या जागी. पण कातडं ताणलं गेलं तशी तीही ताणली. बुटकी ठेंगणी होती, ती लांबोडकी झाली, एक हात खाली ओघळला. टाके निघाल्यावर आक्का ती पाहत राहिली. आता ही रडणार म्हणून मी शब्द जुळवत होते, तर म्हणते कशी, "बग गं, किती उंच झालीया पोर!" मी हसले आणि मग मलाच रडू आवरेना. आक्काचं पोट सपाट झालं, विहिरीवरच्या बाया गप्प झाल्या. तिला मात्र त्याचं काहीच वाटत नव्हतं. दुपारी आडवी झाली की तिचा हात लुगड्यावरून तिथंच असायचा.

तरी एक शंका तिनं मला बोलून दाखवली होती. "पैली कापून टाकली. पोरीनं ह्या दुसरीवरून वळकलं न्हाई तर?" मी तिला वेड्यात काढलं. आता तीच शंका मला झोपू देत नाही.

आक्का गेली त्या दिवशी तिला शेवटची आंघोळ घालताना बाहुली दिसली आणि तिच्या सुनेचा तांब्या मध्येच थांबला. घरात कुणी तिला त्या मुलीविषयी कधी काही सांगितलंच नव्हतं. "मावशी, ही कोन?" तिनं हळूच विचारलं.

"तुझी थोरली नणंद," मी म्हणाले.

सासूच्या कपाळी कुंकू लावून झाल्यावर सुनेनं तेच बोट बाहुलीच्या इवल्याशा कपाळाला टेकवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वाकून नणंदेच्या पाया पडली.