पाच मिनिटांचं नाताळगीत

मराठी गाणं कोणतं आणि परकं कोणतं, हे ठरवायला तुम्हाला-आम्हाला कुणी नेमलं हो?

इथे परदेशात, स्लोटरडाइकच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे काका असले प्रश्न विचारत नसत. ते मान डावीकडे कलती करत, हेडफोन माझ्यापुढे धरत आणि म्हणत, "ऐक. इथं तार कशी रडते बघ."

ती तार अमेरिकन कंट्री संगीतातल्या स्टील गिटारची. काका नगरचे, मराठी ख्रिस्ती. डिसेंबर आला की इथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांतून ते नाताळगीतांच्या कंट्री रेकॉर्डी शोधून आणत. वेष्टनावर हमखास एक टोपीवाला गडी, मागे बर्फ आणि घोडा.

"येशूच्या जन्माला घोडा कुठून आला, काका?"

"गाढव मिळालं नसेल," ते म्हणाले.

त्यांची आई चर्चमध्ये नाताळची मराठी पदं म्हणायची. ती गेल्यावर फोनवरचं एकच रेकॉर्डिंग उरलं; आईचा आवाज आणि मागे कुकरची शिट्टी. काकांनी त्यावर स्वतः स्टील गिटार वाजवून भरली. अख्खा हिवाळा त्यात गेला. शिट्टी मात्र काढली नाही. "राहू दे. आई स्वयंपाक करतेय." हे गाणं आपल्या माणसांना एकदा ऐकवायचं, एवढीच त्यांची इच्छा. पाच मिनिटं.

आपली माणसं म्हणजे आमचं मराठी मंडळ. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला स्पीकर काकांचे. सायकलच्या पुढच्या लाकडी पेटीत घालून ते पावसावाऱ्यात आणत. डिसेंबरच्या स्नेहमेळाव्यात त्यांनी पाच मिनिटं मागितली, तर कमिटीतले एक दादा म्हणाले, "अहो, ते धार्मिक होईल ना. शिवाय गिटार-बिटार म्हटलं की मराठी फील येत नाही."

मग मेळाव्यात लाल टोप्या घातलेली पोरं इंग्रजी नाताळगाण्यांवर नाचली. स्पीकर काकांचे. सप्टेंबरात ज्यांवरून आरत्या दणाणल्या होत्या, तेच. आणि धार्मिक काय, तर एका बाईचा आवाज!

माझं डोकं फिरलं. मी पत्रकं वाटत वाढलेली. तीन पानी निषेधपत्र लिहिलं आणि काकांच्या नावासकट सगळ्या सभासदांना पाठवलं. काकांना न विचारता.

ग्रुपवर दोन दिवस भांडण पेटलं. संविधान आलं, परंपरा आली, मध्येच कुणाची तरी बटाटेवड्यांची ऑर्डरही आली. गाणं ऐकवा, असं कुणी म्हणालं नाही. माझ्या तीन पानांतही आईचा उल्लेख नव्हता.

काका कॉफी मशीनपाशी भेटले. "पोरी, मला न्याय नको होता गं. पाच मिनिटं हवी होती."

"पण काका, हक्क मागितल्याशिवाय..."

"माझ्या आईला मोर्च्यात नेलंस तू."

वसंतात त्यांनी रॉटरडॅमला नोकरी घेतली. यंदा गणपतीत स्पीकर भाड्याचे होते. आवाज उत्तम. काका का आले नाहीत, हे एकानंही विचारलं नाही, याचा संताप येतो. त्याहून जास्त संताप स्वतःचा येतो. त्यांची माफी मागायला फोन हातात घेते, आणि आधी मुद्दे लिहून काढायला बसते.

तुमच्याही मंडळात वायरी जोडून मागच्या रांगेत बसणारं कुणीतरी असेल. यंदाची कार्यक्रमपत्रिका ठरण्याआधी त्याच्याशेजारी जाऊन बसा. तुम्हाला काय ऐकवायचंय, एवढंच विचारा. आणि मग, कृपा करून, ते संपेपर्यंत काही बोलू नका.