खेकड्यांची कॅसेट

“मॅडम, लोड होत नाहीये,” सुनंदा म्हणाली. कॅसेट तिने माझ्या टेबलावर ठेवली, पण तिच्यावरचा हात काही उचलला नाही.

‘लोड होत नाहीये’ हे वाक्य मी त्या काळात दिवसभर ऐकायचे. पिरंगुटच्या आमच्या फॅक्टरीत घरगुती कॉम्प्युटर बनायचे आणि मी तिथल्या सर्व्हिस डिपार्टमेंटची प्रमुख होते. ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर म्हणजे नुसता जाडजूड कीबोर्ड. तो घरच्या टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्रॅम आत घालायचा तो साध्या टेपरेकॉर्डरने, गाण्याच्या कॅसेटवरून. कॅसेट सुरू केली की आधी सलग शिट्टी वाजायची. म्हणजे मशीनला निरोप, की सावध हो, माल येतोय. मग कर्कश खरखर. ती खरखर म्हणजेच प्रोग्रॅम. असे शिट्टी-खरखरीचे पाच-सहा तुकडे झाले की गेम आत. लाइट गेले की मशीन सगळं विसरून मोकळं.

पण सुनंदाच्या हाताकडे पाहून मला कळलं, की ही रोजची तक्रार नाही.

सुनंदा ओव्हाळ नांदे गावची. आमच्या गेम्स विभागात स्वतःचा गेम स्वतः लिहिणारी ती एकटीच. बाकीचे बाहेरून आलेल्या गेमवर आमच्या कंपनीचं नाव चढवायचे आणि त्यालाच डेव्हलपमेंट म्हणायचे. सुनंदाचा गेम भाताच्या खाचराचा होता. खेकडे बांध पोखरतात, भोकातून पाणी निसटतं आणि आपण धावत जाऊन चिखलाने भोकं बुजवायची. एक खाचर राखलं की खालचं खाचर. दिसायला सोपा, खेळायला महा चिवट. जेवणाच्या सुट्टीत मी तो खेळायचे आणि डबा तसाच राहायचा.

आमचे मॅनेजर वैद्यसाहेब यांना तो पसंत नव्हता.

“चिखल कोण विकत घेणार?” ते तिला म्हणाले. “खाचराच्या जागी अंतराळ टाक. खेकड्यांची यानं कर.”

“खाचरात यान कुठून येईल, सर?” सुनंदा म्हणाली.

गेम कॅन्सल झाला. त्यानंतर ती चार दिवस रजेवर गेली, कारण वस्तीत जयंतीची तयारी होती आणि गाण्यांची तालीम तिच्याच घरी चालायची. परत आली तर तिची मास्टर कॅसेट पुसलेली. स्टोअरमध्ये मोठ्या चुंबकाची एक पेटी होती, तिला इरेझर म्हणायचे. तिच्यात कॅसेटी ठेवल्या की क्षणात कोऱ्या. कॅन्सल झालेले सगळे गेम त्या पेटीतून काढून त्यांच्यावर खपणारे गेम भरले होते.

मी तशीच उठून वैद्यसाहेबांकडे गेले.

“साहेब, मुलीला विचारायचं तरी.”

“कॅन्सल्ड टायटल होतं. कॅसेटी मोकळ्या करायला सांगितल्या, झाल्या. दातारबाई, तुमचं काम रिपेअरचं. मेलेल्याचं नाही.”

“मेलंय की नुसतं बेशुद्ध आहे ते आम्हीच सांगतो, साहेब.”

हे बोलून आले खरी, पण माझ्याकडे होती ती एकच कॅसेट. मास्टर द्यायच्या आधी सुनंदाने घरी एक प्रत काढून ठेवली होती. कागदावरचं लिखाण कधीच मागे पडलं होतं. रोज बदल करायचे तर रोज कोण लिहून काढणार?

“परत लिहिशील?” मी विचारलं.

“नाही होणार, मॅडम. दीड वर्ष लागलं. आता ते डोक्यात पण राहिलं नाही. फक्त इथंच आहे.” आणि तिने कॅसेटवर बोट ठेवलं. मी समोरचा चहा संपवला आणि कामाला लागले.

पहिला संशय हेडवर. टेपरेकॉर्डरचा हेड म्हणजे टेप जिच्यावर घासून जाते ती चकचकीत पट्टी. ती केसभर तिरकी असली की आवाज बसका येतो. स्क्रू फिरवून सरळ केली. आवाज चाकूसारखा धारदार आला, तरी गेम लोड होईना. म्हणजे दुखणं दुसरं.

मी लहानपणी बाजाची पेटी शिकले आहे. आईने मारून मुटकून शिकवली, पण तिचे उपकार या धंद्यात मला वेळोवेळी आठवले. सुनंदाच्या कॅसेटची शिट्टी मला चढी वाटली. आमची स्टँडर्ड कॅसेट शेजारच्या रेकॉर्डरवर लावून पाहिली. खरंच चढी होती. पुढच्या तुकड्याची त्याहून चढी, शेवटची तर आणखी वर. टेप नेहमीच्या वेगाने चालवून सूर चढा लागतो, याचा अर्थ रेकॉर्ड करताना ती सावकाश चालली होती, आणि उत्तरोत्तर जास्तच सावकाश.

“तुझा रेकॉर्डर बिघडलाय.”

“नाही, मॅडम. ठणठणीत आहे. रोज तालमीला वाजतो.”

“मी रविवारी येते बघायला.”

“रविवारीच या. घरी दिलेलं मशीन सोमवारी जमा करायला सांगितलंय.”

रविवारी माझी स्कूटर सूसची खिंड ओलांडून नांद्याला पोचली. डिकीत दोन रेकॉर्डर, स्टँडर्ड कॅसेट, स्क्रूड्रायव्हर आणि एक्स्टेन्शन बोर्ड. तेव्हा सूस काय आणि नांदे काय, दोन्हीकडे भातशेतं आणि मधे रस्ता म्हणायला एक पट्टी. सुनंदाची आई, पारूबाई, दारातच उभी होती.

“या बाई, आत या. ऊन लई हाय. पोरगी सकाळधरनं वाट बगतीया.”

घर दोन खोल्यांचं, लख्ख. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली टीव्ही, टीव्हीवर विणलेला रुमाल. रेकॉर्डर कोपऱ्यात होता. मी तो उघडला, मोटर पाहिली, पट्टा पाहिला. सुनंदाचं म्हणणं खरं होतं. कुठेही दोष नाही. वायर लावून चालवला तर वेग अगदी बरोबर. मला माझाच राग यायला लागला होता.

पाणी प्यायला मागच्या दारी गेले आणि पडवीच्या पत्र्याकडे लक्ष गेलं. कुरडयांच्या शेजारी, ओळीने, रेकॉर्डरचे सेल वाळत घातले होते.

“हे काय, पारूबाई?”

“सेल हायेत. तालमीत दमलं, म्हून उनात घातलं. ऊन खाल्लं की उठत्यात परत.”

“उठून किती वेळ चालतात?”

“दोन-चार गाणी निघत्यात. मग गाणारा बाप्या रेड्यावानी वरडाया लागतो.”

मी तिथेच हसत सुटले. सुनंदा धावत आली.

“सुनंदा, प्रत काढलीस त्या दिवशी रेकॉर्डर वायरवर होता की सेलवर?”

“सेलवर. घरात एकच बोर्ड आहे, मॅडम. त्यात टीव्ही आणि कॉम्प्युटर.” मग तिची नजर पत्र्यावर गेली आणि तिने कपाळावर हात मारला.

दमलेल्या सेलवर मोटर रेंगाळते. अशा सेलवर चांगली कॅसेट वाजवली तर गवई रेड्यासारखा ओरडतो. अशाच सेलवर रेकॉर्ड केलं आणि नंतर नीट वेगाने वाजवलं तर उलट होतं, सूर चढतो. सुनंदाचा गेम उन्हात वाळवलेल्या सेलवर उतरला होता आणि तुकड्यागणिक सेल मान टाकत गेले होते. आमचं मशीन शिस्तीचं. आवाज जलद आला की ते तो ओळखतच नाही.

रोग कळला की औषध साधं असतं. रेकॉर्डरच्या मोटरला पाठीमागे एक बारीक भोक असतं. आत स्क्रू. तो फिरवला की वेग कमी-जास्त होतो. मी माझ्या एका रेकॉर्डरवर स्टँडर्ड शिट्टी लावली, दुसऱ्यावर सुनंदाची. दोन सूर जवळ आले पण जुळले नाहीत, की आवाज थरथरतो. थरथर थांबली, की सूर जुळला. पेटी शिकलेल्याला हे सांगावं लागत नाही. शिट्टी चालू आहे तेवढ्या वेळात स्क्रू फिरवायचा, सूर जुळवायचा, आणि खरखर सुरू झाली की हात स्थिर ठेवायचा.

पहिला तुकडा गेला. दुसरा गेला. सुनंदा पडद्याकडे बघत होती, मी डोळे मिटून ऐकत होते. पारूबाईंनी चहा आणून ठेवला. तो गार झाला, त्यांनी दुसरा आणला.

शेवटचा तुकडा मात्र अडला. त्यात सेल इतके दमले होते, की एकाच तुकड्याच्या पोटात सूर चढत होता. पुन्हा पहिल्यापासून केलं, पुन्हा तिथेच अडलं. टेप जुनी आणि पातळ. किती वेळा मागे-पुढे सहन करील याचा भरवसा नव्हता, आणि मधेच गुंतली तर दीड वर्षाचा गुंता. त्यात दारात चपला वाजू लागल्या. वस्तीत टीव्ही दोनच, आणि रविवारचा सिनेमा बघायला निम्मी वस्ती या घरी यायची. माणसं येऊन गुपचूप बसली, मग चुळबूळ सुरू झाली.

“लावा की सिनेमा,” मागून कोणीतरी म्हणालं. “ह्ये काय किरकिरतंया?”

पारूबाई वळल्या. “गप ऱ्हावा जरा. माज्या लेकीचं निगतंय हितं.”

सगळे गप्प झाले. मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली, पण हातात स्क्रूड्रायव्हर होता.

तिसऱ्या खेपेला मी शेवटच्या तुकड्यात हात स्थिर ठेवला नाही. सूर जसा चढत होता तशी मोटर अंदाजाने मंद करत गेले, कढी उतू जाताना गॅस कमी करावा तशी. खरखर थांबली. पडदा काळा झाला. आणि काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर खाचर उमटलं, बांध उमटले, खालच्या कोपऱ्यात ‘सु. ओव्हाळ’ हे नाव.

सुनंदाने कीबोर्डकडे हात नेला.

“खबरदार!” मी ओरडले. “आधी सेव्ह. मग खेळ.”

नवी कॅसेट, वायरवरचा रेकॉर्डर. प्रत काढली, मशीनकडूनच ती पडताळून घेतली, आणखी एक काढली. मगच सुनंदाने पहिलं भोक बुजवलं. ती रडत होती आणि खेळत होती, आणि पुढची भोकं काही तिच्याने बुजत नव्हती. मागची माणसं ‘आगं, डावीकडं! तितं गळतंय!’ म्हणून ओरडायला लागली. सिनेमाची कोणालाच आठवण राहिली नाही.

पारूबाई मात्र पडद्याजवळ जाऊन निरखून बघत होत्या.

“सुनंदे, ह्या खेकड्यास्नी पाय सहाच का?”

“आई, तेवढ्याच ठिपक्यांत बसवायचा असतो.”

“मंग बाजारात कसा खपंल? लंगडाच दिसतुया,” असं म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

उशिरा सिनेमा लावला आणि अर्ध्यात लाइट गेले, नेहमीप्रमाणे. कॅसेटी तोवर माझ्या पर्समध्ये होत्या.

आता प्रश्न हा, की त्या ठेवायच्या कुठे. घरी ठेवल्या तर कोणीतरी गाणी भरणार. फॅक्टरीत ठेवल्या तर इरेझर. मी रात्रभर विचारबिचार केला नाही. मला स्कूटरवरच उत्तर सुचलं होतं. सोमवारी मी वैद्यसाहेबांपुढे एक कॅसेट आणि एक मंजुरीचा कागद ठेवला.

“हे काय?”

“सर्व्हिस सेंटरसाठी नवी टेस्ट कॅसेट. जुनी नुसता पांढरा पडदा दाखवते. ही कीज, रंग, आवाज आणि मेमरी, सगळं एकदम तपासते.”

त्यांनी ती स्वतः लावून पाहिली. खेकडे निघाले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं.

“आणि हे खेकडे?”

“पडद्यावर काहीतरी हलणारं लागतं, साहेब.”

“खाली नाव कशाला?”

“टेस्ट कोणी लिहिली ते असावं. तक्रार कोणाकडे करायची ते कळतं.”

साहेब कडक होते, बुद्दू नव्हते. त्यांनी पेन उघडलं आणि मिनिटभर तसंच धरून ठेवलं. “टेस्ट कॅसेटी इरेझरमध्ये जात नाहीत,” ते सावकाश म्हणाले.

“तुमचाच नियम आहे, साहेब.”

त्यांनी सही केली. मग म्हणाले, “थांबा, हे खाचर संपू दे.”

गेम बाजारात कधीच आला नाही. पण त्याच्या प्रती आमच्या प्रत्येक सर्व्हिस सेंटरला गेल्या. पुढे कंपनीने घरगुती कॉम्प्युटर बंद केले, तेव्हा खपणाऱ्या गेमच्या उरलेल्या कॅसेटी पोत्यांत भरून इरेझरकडे गेल्या. टेस्ट कॅसेटींना कोणी हात लावला नाही. सर्व्हिसवाला घड्याळ विकेल, पण टेस्ट कॅसेट टाकणार नाही.

त्याआधी एकदा नागपूरच्या सर्व्हिस सेंटरहून ट्रंक कॉल आला होता. तिथला इंजिनिअर वैतागला होता.

“मॅडम, गिऱ्हाइकाचं मशीन कधीच दुरुस्त झालं. पण तो घेऊन जायलाच तयार नाही. म्हणतो, टेस्ट पुरी होऊ द्या.”

सुनंदा तेव्हा माझ्या टेबलाशीच उभी होती. मी रिसीव्हर तिच्या हातात दिला.

“कितव्या खाचरात आहेत ते?” तिने विचारलं.

या धंद्यात मी दोन गोष्टी शिकले. एक, उन्हात वाळवलेल्या सेलवर गाणी ऐकावीत, काम करू नये. आणि दुसरी, जी गोष्ट टिकावी असं मनापासून वाटतं, ती कधी विक्री विभागाकडे देऊ नये. सर्व्हिसकडे द्यावी.