मागच्या सीटवरचा ब्रेक

हिमालयातल्या स्पितीला जाऊन आलेले लोक फोटो दाखवतात. आमच्याकडे मात्र घराचं फाटक ओलांडायच्या आधीच एवढे किस्से साठले, की फोटोंचं कोणी विचारतही नाही. प्लॅन साधा होता. एप्रिलमध्ये दोन मोटरसायकलींवर हिमालय. जाणाऱ्या तिघी : मी, ऋतुजा आणि स्नेहल. अडवणारे मात्र भरपूर.

*

गुपित फुटलं ते बाबांच्या सवयीमुळे. बाबा नाशिक रोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून रिटायर झाले. तिथे आत-बाहेर करताना रोज झडती द्यावी लागे. नोकरी संपली, सवय राहिली. फक्त आता झडती ते घेतात.

ऋतुजा आमच्याकडून निघाली, तर दारातच म्हणाले, "बघू गं बॅग." त्या वेडीनेही उघडून दाखवली. आत जाडजूड लोकरीचे हातमोजे. बाहेर मार्चचं ऊन.

"थंडी वाजते का गं तुला?" बाबांनी इतक्या मायेने विचारलं, की तिने अख्खा प्लॅन सांगून टाकला.

*

मग घरात बैठक बसली. थोरल्या काकांचा पहिला प्रश्न : "तिकडे आपलं कोण आहे?" या पिढीला गाव बघायला जाणं माहीतच नाही, नातेवाइकाकडे जाणं माहीत. कोणीच नाही म्हटल्यावर काकांनी स्वतःच तोडगा काढला. लासलगावच्या त्यांच्या मित्राचा कांद्याचा ट्रक चंदीगडला जातो. पुढे ट्रक, मागे आम्ही. रस्ता चुकायची भीती नाही.

मी वैतागून म्हटलं, "मग कांद्यातच बसून जातो ना, काका."

काका म्हणाले, हे तर जास्तच चांगलं.

*

स्नेहल मूळची सुरगाण्याकडची, इथे गंगापूर रोडला शाळेत शिकवते. तिच्या घरून जोरदार विरोध होणार, अशी आमची खात्री होती. तिच्या आईने फोनवर एवढंच विचारलं, तिथले डोंगर आपल्यापेक्षा उंच आहेत का? खूप उंच, म्हटल्यावर त्या माउलीने नागलीच्या पिठाची पिशवी आणि एक तवा पाठवून दिला.

ऋतुजाने विचारलं, बर्फात भाकऱ्या थापणार कोण?

"तू पंक्चर काढ, तोवर मी थापते," स्नेहल म्हणाली.

आमच्याकडे अजून टेंट नव्हता, पण तवा होता.

*

खरी अडचण चावीची. बाइक माझी, माझ्या पगारातून घेतलेली. पण बैठक झाल्यापासून चावी बाबांच्या खिशात. त्यांची अट अशी : नांदुरीहून सप्तशृंग गडाचा घाट मला मागे बसवून चढव. जमलं तर चावी तुझी, नाही तर हिमालय विसर.

चढवला. प्रत्येक वळणावर मागून काहीतरी दणकत होतं. आधी वाटलं, गाडीत बिघाड आहे. मग कळलं, बाबा उजव्या पायाने ब्रेक मारतायत. मागच्या माणसाला ब्रेक नसतो, नुसता फूटरेस्ट असतो. गड येईपर्यंत त्याचं रबर निघून कुठेतरी पडलं होतं.

बाबा उतरले, घाम पुसला आणि निकाल दिला.

"चालवतेस चांगली. पण मी ब्रेक मारत होतो म्हणून."

देवीच्या रांगेत मी मुद्दाम त्यांच्यापासून चार माणसं मागे उभी राहिले. घरी पोचल्यावर चावी परत त्यांच्याच खिशात गेली.

*

निघायच्या सकाळी आईने तिघींच्या हातावर दही घातलं. बाबांनी तिघींच्या बॅगा उघडून रीतसर झडती घेतली. तवा उलटसुलट करून पाहिला आणि परत ठेवला. मी भांडायच्या तयारीने उभी होते, उत्तरं पाठ होती.

त्यांनी खिशातून चावी काढली, शर्टाला पुसली आणि माझ्या हातात ठेवली. भाषण नाही, सूचना नाही. साधं "सावकाश जा"सुद्धा नाही.

मी बाइक सुरू केली. कॉलनीच्या टोकाचं वळण आलं तेव्हा आरशात पाहिलं. बाबा फाटकात उभे होते. माझी बाइक वळणावर कलली, तसा त्यांचा उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबला गेला.